पावसाळ्यात बाहेरच्या दारातून पाणी आत येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या मध्यावर पाऊस नीट लागला, दोन दिवस झड बसली, की दारापाशी पायपुसणी आणि जुन्या चादरींचा ढीग दिसू लागतो. पुढचे प्रश्न मुंबई-पुण्याचे फ्लॅट, बंगले आणि कोकणातली घरं डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत.

उंबरठ्यालगत सिलिकॉनची रेघ ओढली की पाणी थांबेल का?

बहुतेक वेळा नाही. काही वेळा तर उलट वाढतं. बाहेरच्या दारावर पाऊस येणार आणि थोडं पाणी फटींत शिरणार, हे धरूनच दार बसवायचं असतं. शिरलेल्या पाण्याला परत बाहेर पडायला वाट असली की घर कोरडं राहतं. तीच वाट बुजवली, तर पाणी साठतं आणि घराच्या बाजूला उतरतं. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते बघा, मग त्याला बाहेर जायला उतार द्या, आणि फटी भरायचं काम शेवटी काढा. बरेच लोक आधी ट्यूब विकत आणतात आणि मग ती कुठे मारायची ते शोधतात.

दाराभोवती पाणी नेमकं कुठून येतं?

दाराच्या फळीखालून आणि कडेने येतं, ते सगळ्यांना दिसतं. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून येतं, ते जरा उशिरा लक्षात येतं. बाहेरच्या फरशीखालून, म्हणजे लाद्यांच्या खालच्या वाळू-सिमेंटच्या थरातून झिरपत उंबरठ्याखालून आत येतं, ते तर कित्येकदा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी दिसतं. आणि सर्वांत फसवं म्हणजे वरून येणारं पाणी. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्याला तडा असतो, किंवा वरच्या मजल्याच्या खिडकीखालून पाणी गिलाव्यात शिरतं. ते चौकटीच्या पाठीमागून सरळ खाली उतरतं आणि जमिनीशी बाहेर पडतं. घरातली माणसं उंबरठ्याला दोष देत बसतात.

ओळखायची खूण सोपी आहे. भिंतीवरचे पोपडे आणि ओलीचे डाग उंबरठ्यापासून हातभर वर असतील, किंवा चौकटीची वरची आडवी पट्टी काळी पडली असेल, तर पाणी वरून येतंय. खालची वीतभर भिंतच फक्त खराब असेल आणि स्कर्टिंगवर मिठासारखा पांढरा थर येत असेल, तर फरशीखालचा थर पाणी प्यायलेला आहे.

घरच्या घरी हे कसं तपासायचं?

पहिली तपासणी भर पावसातच करायची. दाराच्या आतल्या बाजूला जमीन पुसून कोरडी करा, वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते बघत बसा. पाण्याची कड खडूने आखून शेजारी वेळ लिहा, अर्ध्या तासाने पुन्हा आखा. पाणी फळीच्या मध्यावरून पसरतंय की चौकटीच्या कोपऱ्यातून, हे या रेघांवरून कळतं. कोपऱ्यातून येत असेल तर दाराखाली कितीही रबर लावा, उपयोग होणार नाही.

दुसरी तपासणी रात्रीची. आतले दिवे बंद करून बाहेरून कुणाला तरी टॉर्च दाराच्या कडेकडेने फिरवायला सांगा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर त्या जागी दार चौकटीला टेकतच नाही.

तिसरी तपासणी पाइपची, आणि ती कोरड्या दिवशी करायची. हिचा क्रम महत्त्वाचा आहे: खालून वर. आधी फक्त उंबरठा आणि बाहेरची फरशी दहा मिनिटं भिजवा, आत कुणीतरी बसलेलं असू द्या. काही आलं नाही तर चौकटीची खालची दोन फूट, मग मधला भाग, मग वरची आडवी पट्टी, शेवटी छज्जा आणि त्याच्या वरची भिंत. आधीच वरून पाणी मारलं तर ते सगळीकडून ओघळून खाली येणार, आणि कुठली जागा गळतेय ते कधीच कळणार नाही. पाइपचं तोंड दाबून जोराची धार मारू नका. एवढ्या जोराने पाऊस पडत नाही, आणि नसलेली गळती दिसेल.

साध्या पावसात दार कोरडं असतं, वारा सुटला की पाणी येतं. असं का?

कारण वारा पाण्याला ढकलतो, आणि तो किती ढकलतो याचा हिशेब मांडता येतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा दारावर साधारण ७५ पास्कल दाब देतो. तेवढ्या दाबाने पाणी ७ ते ८ मिलिमीटर वर चढू शकतं. ताशी ६० च्या वाऱ्यात हाच आकडा १७ मिलिमीटरच्या आसपास जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आता आपल्या उंबरठ्याची उंची मोजून बघा. एक सेंटिमीटरची दगडी पट्टी साध्या पावसाला पुरते, जोराच्या झडीला पुरत नाही.

आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे असल्याने पश्चिम आणि नैऋत्येकडची दारं सर्वांत जास्त मार खातात. वळीव आणि परतीच्या पावसाचं तसं नाही. तेव्हा वारा कुठूनही येतो, आणि जुलैभर कोरडं राहिलेलं पूर्वेचं दार ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी भिजतं.

एक गोष्ट करून बघा. झड दारावर येत असताना घराच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या लावून घ्या आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा. पलीकडच्या खिडक्या उघड्या असल्या की घरातली हवा ओढली जाते आणि दाराच्या फटीतून पाणी आत खेचलं जातं. त्या लावल्यावर पाणी कमी झालं, तर फटीतून वारा शिरतोय हे नक्की. मग इलाज रबराच्या पट्ट्यांचा आहे, सिमेंटचा नाही.

आमच्या दारावर दोन फुटी छज्जा आहे, तरी दार भिजतं.

मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला साडेसहा-सात मीटर वेगाने पडतो. ताशी २५ किलोमीटरचा वारा असला की तो ४५ अंशांत तिरका येतो. अशा झडीत दोन फुटी छज्जा दाराची वरची दोन फूटच वाचवतो. सात फुटी दाराची खालची पाच फूट उघडीच राहते. छज्जा रुंद करणं फ्लॅटमध्ये शक्य नसतं, बंगल्यात असतं. जुन्या घरांना पडवी होती, गोव्यात बल्कांव, आणि कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झापं (नारळाच्या झावळ्यांचे विणलेले आडोसे) बांधायची रीत होती. दारापर्यंत पाऊस येऊच द्यायचा नाही, हे दार दुरुस्त करण्यापेक्षा कधीही सोपं.

छज्ज्याची खालची कडही तपासा. तिथे बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंच आत एक सलग खाच हवी. ती नसेल तर थेंब छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येतात आणि चौकटीच्या डोक्यावर उतरतात. खाच नसलेल्या छज्ज्याला नंतरही इलाज आहे: अ‍ॅल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची छोटी कोनपट्टी कडेला खालून चिकटवायची. थेंब तिथेच तुटतो. रंगकाम करताना ही खाच पुट्टीने भरून टाकली जाते, त्याकडे उभं राहून लक्ष द्यावं लागतं.

चौकट आणि भिंत यांच्यात फट पडली आहे. दर वर्षी व्हाइट सिमेंट भरतो, दर वर्षी पुन्हा पडते.

पडणारच. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि व्हाइट सिमेंट ताणलं जात नाही. त्या जागी रबरासारखं ताणलं जाणारं सीलंटच हवं.

काम असं करायचं. बाहेरच्या बाजूने फटीतलं सगळं जुनं सिमेंट, रंग, पोकळ गिलावा खरवडून काढा. टिकटिक करून बघितलं की गिलावा कुठे पोकळ आहे ते आवाजावरून कळतं. चौकट होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, भिंतीत अडकवलेली असते आणि तिच्या पाठीमागची जागा मसाल्याने ठासून भरायची असते. घाईत ती नुसती तोंडाशी भरली जाते आणि मागे पोकळी राहते. अशी पोकळी सापडली तर पॉलिमर मिसळलेला मसाला आतपर्यंत ठासा आणि निदान आठवडाभर सुकू द्या. मग सांध्यात फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि तिच्यावर सीलंट भरा. दोरीमुळे सीलंट मागच्या बाजूला चिकटत नाही, दोन्ही कडांनाच चिकटतं आणि मोकळेपणाने ताणलं जातं. भराव्याची खोली रुंदीच्या निम्मी पुरे. १० मिलिमीटरच्या फटीत ५ मिलिमीटर. जाड थर टिकाऊ असतो, हा गैरसमज आहे.

सुरुवात चौकटीच्या वरच्या आडव्या सांध्यापासून करा, मग दोन्ही उभे सांधे. फक्त आतून कधीही बुजवू नका. बाहेर फट उघडी आणि आतून बंद, म्हणजे पाणी भिंतीत कोंडून ठेवायची सोय. ते मग दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीत निघतं.

सिलिकॉन, पीयू की आणखी काही?

चौकट आणि भिंतीच्या सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा हायब्रिड (सिलिकॉन आणि पीयू दोन्हींचे गुण असलेलं) सीलंट घ्या. दोन्हींवर रंग बसतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही, हे रंगारी नंतर सांगतो. अ‍ॅल्युमिनियम, काच, यूपीव्हीसी (खिडक्या-दारांचं कडक प्लास्टिक) असेल तिथे सिलिकॉन चांगलं, पण न्यूट्रल प्रकारचं. ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते आम्लधर्मी सिलिकॉन. ते सिमेंटवर नीट धरत नाही, संगमरवराला डाग पाडतं आणि धातू गंजवतं. स्वस्त असल्याने दुकानदार तेच आधी पुढे करतो.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. ब्लेडने खरवडून सगळं काढायचं, स्पिरिटने पुसायचं, जागा पूर्ण कोरडी असल्याची खात्री करायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायचा आणि मगच भरायचं. वरची साय लवकर धरते, पण आतून ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सुकतं. निदान एक अख्खा दिवस पाणी लागू देऊ नका.

किती लागेल? १० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर खोल रेघेला २८० मिलिलिटरची एक ट्यूब साडेपाच मीटरच्या आसपास पुरते. तीन बाय सात फुटी दाराच्या दोन्ही बाजू आणि वरची पट्टी मिळून पाच मीटरच्या थोडं वर होते. म्हणजे एका दाराला एक ट्यूब पुरेशी आहे. कुणी तीन ट्यूब लावल्या म्हणत असेल, तर भरावा कुठे गेला ते विचारा.

पीयू फोम मारला तर?

पोकळी भरायला ठीक. पाणी अडवायला नाही. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला उघडा ठेवायचा नाही.

दाराखालच्या फटीला कोणती पट्टी लावावी?

दोन फोमच्या नळ्या असलेलं कापडी डोअर गार्ड सगळीकडे मिळतं. ते धूळ आणि झुरळं अडवतं. पाण्यापुढे ते स्पंजासारखं पाणी शोषून बसतं आणि दाराची खालची कड दिवसभर ओली ठेवतं. बाहेरच्या दाराला ते नको.

अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेलं रबर स्क्रूने फळीला लावा. रबराने उंबरठ्याला जेमतेम टेकावं. जास्त दाबलं तर दार जड होतं आणि रबर वर्षभरात दुमडून फाटतं. पण त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे दाराच्या बाहेरच्या अंगाला, तळाशी बसवायची उतरती पट्टी. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची, बाहेर दीड-दोन इंच आलेली, खालून खाच असलेली. दारावरून ओघळणारं पाणी तिच्यावरून उडून उंबरठ्याच्या पुढे पडतं, फटीपर्यंत पोचतच नाही. जुन्या सुतारांना ती माहीत आहे. तयार फ्लश डोअरच्या (सपाट प्लायवुडच्या दारांच्या) जमान्यात मात्र कुणी मागत नाही म्हणून कुणी लावत नाही.

आपली बरीच दारं आत उघडतात. म्हणजे वारा दाराला चौकटीच्या खाचेपासून दूर ढकलतो आणि फट रुंदावते. झडीच्या वेळी नुसतं लॅच लावू नका, वरचा आणि खालचा दोन्ही टॉवर बोल्ट लावा. फळी खाचेला घट्ट बसते. खाचेत रबराची पट्टी चिकटवलेली असेल तर एवढ्यानेच बराच फरक पडतो, आणि खर्च जवळजवळ नाही.

उंबरठा काढून फरशी सपाट केली आहे. घरात आजी व्हीलचेअरवर आहेत, पुन्हा उंबरठा नको.

तर मग पाण्याला दाराआधीच अडवा. दाराबाहेर, पूर्ण रुंदीभर, चार इंची नाली खणून तिच्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी बसवायची आणि ती नाली पन्हळीला किंवा गटाराला जोडायची. जाळी फरशीच्या पातळीला असल्याने चाकं अडत नाहीत. बाहेरची फरशी मात्र नालीकडे उतरती हवी. हे फ्लॅटच्या बाल्कनीत स्लॅबमुळे जमत नाही, तिथे अर्धा-पाऊण इंच उंच, दोन्ही बाजूंनी तिरपा घासलेला ग्रॅनाइटचा उंबरठा हा मधला मार्ग.

ज्यांना असा अडथळा नाही त्यांनी उंबरठा हौसेने काढू नये. चार-पाच सेंटिमीटर उंचीचा दगडी उंबरठा, बाहेर थोडा पुढे आलेला, वरून बाहेर उतरता आणि खालून खाच मारलेला, याला अजून तोड नाही.

बाल्कनीच्या लाद्या बदलल्यापासून पाणी हॉलमध्ये येऊ लागलं आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं कारण जवळजवळ ठरलेलं असतं. जुन्या लाद्या न फोडता त्यांच्यावरच नव्या चिकटवल्या. लादीची जाडी ८ ते १० मिलिमीटर, अ‍ॅढेसिव्ह आणखी तीन-चार. म्हणजे बाल्कनी सेंटिमीटरभर उचलली गेली आणि हॉल तिथेच राहिला. वाऱ्याच्या दाबाने पाणी किती चढतं ते वर आलंच आहे. जी उंची पाणी अडवत होती ती नव्या लादीखाली गाडली गेली.

आधी उतार तपासा. बाल्कनीत एक बादली पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. मीटरला १० मिलिमीटर ढाळ दाराकडून नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) हवा. पाणी दाराशी रेंगाळत असेल किंवा मध्येच डबकं होत असेल, तर ढाळ चुकलाय. त्यावर सीलंट, कोटिंग, ग्राउट (लाद्यांच्या सांध्यांत भरायचा मसाला) यापैकी कशाचाही उपयोग नाही.

ढाळ बरोबर असेल तर जाळी उघडून ट्रॅप बघा. कबुतरांची पिसं, कुंड्यांतली माती, वाळलेली पानं. जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटं ट्रॅप तुंबला तरी उंबरठा ओलांडायला पुरेसं पाणी साठतं. गॅलरी ग्रिलने किंवा काचेने बंद करून घेणाऱ्यांनी जुना पाणी जायचा रस्ता फरशीखाली बुजवला नाही ना, तेही बघावं.

दोन्ही ठीक असेल तर उरतो लाद्यांखालचा थर. लाद्यांचे सांधे पाणी अडवत नाहीत. एपॉक्सी ग्राउट भरल्याने झिरपणं कमी होतं, पण ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. खात्री करायला ट्रॅपला बूच लावून बाल्कनीत इंचभर पाणी २४ तास साठवतात. पाण्याची पातळी उंबरठ्याच्या खालीच राहील याची काळजी घ्या, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी सांगा. आत स्कर्टिंग ओलं झालं किंवा खालच्या स्लॅबला डाग आला, तर निकाल लागला.

मग लाद्या फोडाव्याच लागतात. खालचा थर स्लॅबपर्यंत काढायचा, वॉटरप्रूफिंगचा लेप मारायचा, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) घ्यायची आणि तोच लेप भिंतीवर वीतभर चढवायचा. दारापाशी तो लेप उंबरठ्याच्या दगडाखालून आतल्या बाजूपर्यंत गेला पाहिजे. ठेकेदार नेमका इथे हात आखडता घेतो, कारण त्यासाठी उंबरठ्याचा दगड उचलावा लागतो. करारात हे एक वाक्य लिहून घ्या: उंबरठा काढून त्याखाली लेप. लाद्या बसवण्याआधी पुन्हा २४ तास पाणी भरून बघायचं.

सरकत्या काचेच्या दाराच्या ट्रॅकमध्ये पाणी साठून आत सांडतं.

ट्रॅकमध्ये पाणी येणं हा दोष नाही. ते यावं आणि बाहेर जावं, अशीच त्याची रचना असते. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी छोटी लांबट भोकं असतात. बाहेरून कधी कधी त्यांच्यावर प्लास्टिकची टोपी असते. ती भोकं धुळीने, रंगाने, आणि फार वेळा घरमालकानेच मारलेल्या सिलिकॉनने बंद झालेली असतात. 'इथून पाणी आत येतंय' असं वाटून ती बुजवली जातात आणि मग ट्रॅक भरून आत ओसंडतो.

जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन मेअखेरीस ती साफ करा. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात ते बाहेर गेलं पाहिजे. भोकं मोकळी असूनही पाणी थांबत असेल तर ट्रॅक आत झुकलाय किंवा बाहेरच्या लाद्यांनी भोकांचं तोंड बुजवलंय. काही स्वस्त चौकटींना भोकं पाडलेलीच नसतात. अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून ती नंतर पाडून घेता येतात, फक्त दोन ट्रॅकमधल्या पट्टीलाही भोक हवं, नाहीतर आतल्या ट्रॅकचं पाणी बाहेरच्या ट्रॅकपर्यंत जाणार कसं?

याउलट ट्रॅकचे दोन कोपरे, जिथे आडवी आणि उभी पट्टी जोडली जाते, तिथे सील हवंच. ते उघडलं की पाणी ट्रॅकमधून सरळ फरशीखाली जातं. शेवटी दाराच्या कडेची केसाळ पट्टी बघा. झिजून केस गेले असतील तर ती बदलून घ्या. ती खाचेतून ओढून काढता येते.

आतल्या ट्रॅकची कड किती उंच आहे तेही मोजा. दिसायला छान म्हणून जवळजवळ सपाट ट्रॅक बसवले जातात. पश्चिमेच्या, वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते पावसाळ्यात आत पाणी सांडणारच.

दार फुगून अडकतंय. रंधा मारून घेऊ का?

जुलैत नको. जुलैत जेवढं घासाल तेवढीच फट जानेवारीत दिसेल, आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्यातूनच पाणी येईल. तोवर अडकणाऱ्या कडेला मेण चोळा, बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. बऱ्याचदा दार फुगलेलं नसून वरची बिजागरी सैल होऊन खाली आलेलं असतं. हिवाळा संपल्यावर दार उतरवून खालची आणि वरची कड बघा. रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचलेला नसतो, आणि उघड्या कडेतून लाकूड पाणी ओढून घेतं. त्या दोन कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. फ्लश डोअरचा थर एकदा सुटला की मात्र परत बसत नाही. नवं घेताना बाहेरच्या जागेसाठी बॉइलिंग वॉटरप्रूफ दर्जाचंच मागा.

चौकटीचा पाय कुजला आहे. अख्खी चौकट बदलायची का?

वरची चौकट ठणठणीत असेल तर नाही. स्क्रूड्रायव्हर टोचत वर जा, लाकूड कडक लागेल तिथपासून अडीच-तीन इंच वर तिरपा काप घ्या आणि खाली नवा सागवानी तुकडा सांधा. त्याहून बरं म्हणजे खाली ग्रॅनाइटचा चार इंची ठोकळा बसवून लाकूड जमिनीपासून उचलूनच घ्या. भिंतीकडच्या अंगाला डांबर किंवा वाळवीरोधक द्या. वाळवीची माती दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा.

पाऊस थांबून आठ दिवस झाले, तरी दाराशी ओल आहे.

तर कदाचित पाऊस दोषी नाही. भिंतीतून जाणारा नळ, शेजारच्या बाथरूमचा सांधा, एसीच्या पाण्याची नळी तपासा. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा फिरत असेल तर नळच गळतोय. जमिनीला नुसता घाम येतोय का, हे कळायला प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खाली आले तर ओल जमिनीतून, वर आले तर हवेतून.

दाराशेजारच्या स्विचबोर्डमधून पाणी झिरपतंय.

त्या बोर्डाला हात लावू नका. मेन एमसीबी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाकी सगळी तपासणी त्यानंतर.

कोकणातलं जांभ्याचं घर आहे. दाराभोवतीची भिंतच ओली होते.

जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. गिलावा न केलेल्या जांभ्यात चौकटीचा सांधा कितीही भरला तरी पाणी दगडातून वळसा घालून येतं. झडीच्या बाजूच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, नीट भरून घ्या आणि कोरड्या दिवसांत पारदर्शक, पाणी झटकणारा सिलेनयुक्त लेप मारा. तो दगडाचा श्वास बंद करत नाही. जाड चकचकीत रंग किंवा ऑइलपेंट देऊ नका, आतली ओल कोंडून दगडाचे पापुद्रे निघतात. आणि दोन-तीन महिने झापं किंवा जाड प्लास्टिकचा पडदा बांधायची लाज वाटू देऊ नका.

आत्ता, भर जुलैत, काय करू?

ओल्या सांध्यावर बहुतेक सीलंट चिकटत नाही, म्हणून पक्कं काम काढू नका. ट्रॅप आणि ट्रॅकची भोकं मोकळी करा, दोन्ही बोल्ट लावा. बाहेरून छज्ज्याला जाड ताडपत्रीचा पडदा अडकवून खालून बांधा. उघडीप मिळाली तर चौकटीच्या वरच्या सांध्यावर ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लावता येतो, पण जागा कोरडी पुसून, हेअर ड्रायरने सुकवून. पाणी कुठून येतं त्याच्या खुणा खडूने करून फोटो काढून ठेवा. मार्चमध्ये मिस्त्री आला की भिंत कोरडी असते आणि कुणालाच काही आठवत नाही.

खर्च सोसायटीने करायचा की आम्ही?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेच्या खर्चाची बाब आहे. छज्ज्याचा किंवा बाह्य भिंतीचा तडा कारण असेल तर लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. तुम्ही स्वतः बदललेल्या लाद्या, काढलेला उंबरठा किंवा बसवलेलं सरकतं दार यांचा खर्च तुमच्याकडेच येणार.

इमारत नवी असेल तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायदा, २०१६ चं कलम १४(३) पाहा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकसकाची आहे. तक्रार तोंडी नको, ईमेलने करा. दुरुस्ती म्हणून कुणी फक्त ट्यूब घेऊन आलं, तर वर सांगितलेली पाइपची तपासणी त्याच्यासमोर करून दाखवा आणि काम झाल्यावर तीच पुन्हा करायला लावा.

सुतार, गवंडी, रंगारी यांपैकी आधी कुणाला बोलवायचं?

गवंड्याला. ढाळ, उंबरठा आणि छज्जा झाले की सुतार फळी आणि चौकट बसवेल, मग सीलंट, मग रंग. हे सगळं फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत. मेच्या शेवटच्या आठवड्यात गवंडी मिळत नाही, आणि मिळालाच तर मसाला सुकायला वेळ मिळत नाही.